पुतळी, गिनी आणि दारावर आलेलं सोनं

वाचकांचे प्रश्न : जुनी नाणी

साखळीहून एका ताईंचं पत्र : नमस्कार काका. माझं वय सव्वीस. गेल्या पावसात आजी गेली. तिच्या पुतळ्यांच्या माळेची तिच्या तीन मुलींत वाटणी झाली आणि आईने आपल्या वाट्यातली एक पुतळी मला दिली. एका बाजूला दोन माणसं मधे काठी धरून आहेत, त्यांतलं एक वाकलेलं. आजी त्यांना राम-सीता म्हणायची. दुसऱ्या बाजूला लंबगोलात एक उभी आकृती आहे आणि तिच्याभोवती चांदण्या. कडेने रोमन अक्षरं आहेत. वाकलेल्या माणसाच्या पाठीमागे मला ‘पी, ए, व्ही, एल’ एवढं लागलं. पावलु म्हणजे संत पॉल का? मग हे पोर्तुगीज नाणं आहे का? वर कडी आहे. आमच्या शेटांच्या, म्हणजे सोनारांच्या, काट्यावर कडीसकट ३.६२ ग्रॅम भरलं. ते म्हणाले, सोनं चांगलं आहे, मोडीला घालायचं असेल तर आजच्या भावाने घेतो. मावशीने तिच्या वाटच्या सगळ्या पुतळ्या मोडून पाटल्या केल्या. मला मात्र नाणी जमवायची आहेत आणि हे माझं पहिलं नाणं. त्याची खरी किंमत किती? फोटोत ते मळकट दिसतंय, धुऊन चकचकीत करू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. धुऊ नका. रिठा नको, टूथपेस्ट नको, शेटांकडच्या तेजाबात बुडवणं तर नकोच. हा अंक हातात पडेपर्यंत कोणी प्रेमाने घासून ठेवलं नसेल अशी आशा करतो. मी अठरा वर्षांचा असताना माझ्याकडचं पहिलं जुनं सोन्याचं नाणं, गोव्यातच पाडलेलं क्रूसाचं नाणं, बारीक रांगोळी आणि ब्रश घेऊन तासभर घासलं होतं. ते आरशासारखं झालं. मोठ्या अभिमानाने मुंबईला एका जाणत्या संग्राहकाकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावलं, नाणं उजेडात दोनदा फिरवलं आणि एक शब्दही न बोलता माझ्या तळहातावर परत ठेवलं. त्या भिंगातून मग मी पाहिलं. क्रूसावरून, आकड्यांवरून, सगळीकडून केसासारख्या रेघा गेल्या होत्या. त्या रेघा आजही तशाच आहेत. सोनं मऊ असतं, घासलेलं पुन्हा भरून येत नाही. फारच चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या. पुसू नका, टिपा.

आता ओळख. ‘पावलु’ वाचून तुम्हाला संत आठवला हे गोव्यात साहजिकच आहे. पण नाणं पोर्तुगीज नाही, ते व्हेनिसचं आहे. इटलीतल्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून १७९७ पर्यंत याच धाटणीचं सोन्याचं नाणं पाडलं. त्याला डुकाट म्हणत, पुढे झेक्किनो म्हणू लागले. झेक्किनो हा शब्द व्हेनिसच्या टांकसाळीच्या ‘झेक्का’ या नावावरून आला आणि झेक्का आला अरबी ‘सिक्का’वरून. म्हणजे आपण बोलतो तोच सिक्का. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी मिरी आणि मसाल्यांसाठी अलेक्झांड्रियाच्या बाजारात सोनं मोजत, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून ते सोनं आपल्या पश्चिम किनाऱ्याला उतरे. पाचशेहून अधिक वर्षं त्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी राहिलं. म्हणून आपल्याकडचा सराफ ते कसोटीला न लावताही घेई. आणि त्यावरच्या उभ्या माणसांमुळे आपल्या बायकांनी त्याला नाव दिलं पुतळी.

तुमच्या आजीचे राम-सीता म्हणजे डावीकडे उभे असलेले संत मार्क, व्हेनिसचे रक्षक संत, आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून झेंडा स्वीकारणारे डोजे, म्हणजे तिथले राज्यप्रमुख. मधली काठी ही त्या झेंड्याची. काठीला लागून उभी तीन अक्षरं असतील, डी, व्ही, एक्स. ते ‘डक्स’, डोजेंची पदवी. जुन्या लेखात यू अक्षर व्हीसारखंच लिहीत, हे लक्षात ठेवा, तुमचं कोडं त्यातच सुटतं. पी-ए-व्ही-एल हे ‘पॉल’च, पण संत नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुढे मला आर, ए, आय, एन दिसतात. पाओलो रेनिएर. ते १७७९ ते १७८९ डोजे होते. त्यांच्यानंतर फक्त एक डोजे झाले आणि १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताकच संपवलं. दुसऱ्या बाजूच्या लंबगोलात येशू ख्रिस्त आहे आणि भोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा : हे ख्रिस्ता, ज्यावर तू राज्य करतोस ती ही डची, म्हणजे डोजेंचं राज्य, तुलाच अर्पण असो.

आजीला हे सांगायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. तिने त्यांना राम-सीता म्हटलं आणि गळ्यात घातलं, हाही त्या नाण्याच्या इतिहासाचा एक भाग आहे. माळ कोणाची होती, आजीचं माहेर कुठलं, तिला ती कोणी घातली, हे सगळं आईला विचारून आजच एका कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी विकायची वेळ आली तर तो कागद किंमत वाढवेल. नाही विकली तर तुमच्या मुलीला उपयोगी पडेल.

पण एक अडचण आहे, ती आधी सांगतो म्हणजे नंतर निराशा नको. पुतळीला इतकी मागणी होती की आपल्याकडच्या सोनारांनी शतकानुशतकं तिच्या नकला पाडल्या. नक्कल करणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. तो अक्षरं चित्रासारखी उतरवी. मग त्याच्या नकलेची नक्कल दुसरा करी. अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीत अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके होतात, डोजेंचं गुडघे टेकणं नाहीसं होऊन दोघंही सरळ उभे राहतात, चेहरे भोपळ्याच्या बियांसारखे होतात. माळेतल्या बऱ्याच पुतळ्या अशाच असतात. त्या खोट्या नाहीत, सोनं खरं असतं, पण व्हेनिसच्या नाहीत. म्हणून अस्सल पुतळी ओळखताना सर्वांत आधी अक्षरं वाचावीत. अक्षरांतून नाव तयार होतंय का? डोजेंच्या कपड्याच्या घड्या, संतांच्या डोक्यामागचं वलय, झेंड्याची काठी हे सगळं आपापल्या जागी आहे का? तुमच्या फोटोत नाव वाचता येतंय ही चांगली खूण आहे. फोटोवरून मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. नाणं हातात घेतल्याशिवाय ‘अस्सल’ हा शब्द उच्चारू नये, हे मी मोठी किंमत देऊन शिकलोय.

दुसरी परीक्षा वजनाची. अस्सल डुकाट ३.४९ ग्रॅमचं असतं. झीज झाली तरी ३.४ च्या खाली फारसं जाऊ नये. तुमचं ३.६२ कडीसकट आहे. अशी कडी आणि तिचा डाख, म्हणजे ती जोडायला लावलेला धातू, मिळून साधारण ०.१५ ते ०.२० ग्रॅम भरतात, असं माझ्या पाहण्यात आहे. म्हणजे नाणं ३.४२ ते ३.४७ च्या दरम्यान. बरोबर बसतं. पण म्हणून कडी काढून वजन करायला जाऊ नका! डाख सोडवायला आच द्यावी लागते आणि आच लागली की त्या जागचा पृष्ठभाग बदलतो. कडीमुळे किंमत कमी झाली ती झाली. कडी काढलेल्या जागेचा ओरखडा कडीपेक्षा वाईट दिसतो.

तिसरी परीक्षा घरी करता येते. शेटांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर एका कपात पाणी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पुतळी बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. तुमच्या वजनाचं चांगलं सोनं असेल तर तो ०.१९ च्या आसपास येईल. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असती तर ०.३४ च्या जवळ, पितळ असतं तर ०.४२ च्या वर. नाण्याला डोळ्यांनी दिसेल असा ओरखडा न पाडता होणारी याहून चांगली घरगुती कसोटी मला माहीत नाही. हवेचे बुडबुडे नाण्याला चिकटलेले नाहीत ना, एवढं पाहा आणि तीनदा करा.

शेट मात्र कसोटीच्या दगडावर घासायला मागतील. दागिन्याला ते चालतं, नाण्याला नाही. कडेवरून घासलं तरी काठाचं थोडं सोनं दगडावर राहतं आणि नाण्यावर चपटी जागा राहते. फारच तर कॅरेट दाखवणाऱ्या यंत्रात ठेवायला सांगा, पण ते यंत्र वरवरचा थरच पाहतं. मुलामा जाड असेल तर ते फसतं. म्हणून पाण्याची परीक्षा आणि यंत्र दोन्ही एकत्र बघावं.

किंमत. तिचा तळ सोन्याचा असतो, त्याखाली कोणीही देऊ करत असेल तर उठून चालू लागा. तुमच्या पुतळीत साधारण ३.४ ग्रॅम जवळजवळ शुद्ध सोनं आहे. शुद्ध सोन्याचा ग्रॅमचा त्या दिवसाचा भाव पेपरात बघा आणि ३.४ ने गुणा. समजा ग्रॅमला १० हजार धरले तर ३४ हजार झाले. मोडीला घालताना शेट घट कापतात, डाखाच्या नावाने कापतात, म्हणून हाती त्याहून कमी येतं. तळाच्या वर नाण्याचं मोल किती चढेल ते डोजेंच्या नावावर, ठशाच्या ठळकपणावर, कडी-भोकावर आणि मागणी किती आहे यावर ठरतं. रेनिएर यांची डुकाटं दुर्मीळ नाहीत, आणि कडी आहे. तेव्हा फार मोठ्या आकड्याची आशा धरू नका. पण व्हेनिसची ठरली तर मोडीच्या भावापेक्षा वर नक्की जाईल. किती वर, ते नाण्यांच्या लिलावांत अशाच कडीच्या डुकाटांना प्रत्यक्ष काय मिळालं ते पाहून ठरवा. कोणी किती मागतोय ते पाहू नका. एका दुकानात लाख मागणारा असतो आणि त्याचं नाणं दहा वर्षं तिथेच असतं. लिलावाच्या जुन्या याद्यांत विकलेल्या किमती छापलेल्या असतात, निदान पाच तरी पाहा.

मावशींच्या पाटल्यांबद्दल वाचून मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ बसलो. माझे वडील शेट होते, डिचोलीला. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून मुशीत पुतळ्या वितळताना पाहिल्या आहेत. टाकणखार टाकला की आधी कडा ओल्या झाल्यासारख्या होतात, मग अक्षरं जातात, मग संतांचा हात, झेंडा आणि शेवटी चेहरा. मिनिटभरात नुसता पिवळा थेंब. वडिलांना त्याचं वाईट वाटत नसे, ते त्यांचं काम होतं आणि कोणाच्या तरी लग्नाच्या बांगड्या त्यातून व्हायच्या होत्या. मला मात्र तो चेहरा अजून दिसतो. आईकडे अजून काही पुतळ्या उरल्या असतील तर, ताई, एवढंच करा : आईला कळकळीने सांगा की काही मोडायचंच असलं तर आधी प्रत्येक पुतळी भिंगाखाली पाहून, दोन्ही बाजूंचा फोटो काढून, अक्षरं लागतात ती वेगळी ठेवावी. रेघा-ठिपक्यांच्या मोडल्या तर माझा जीव कमी जळेल.

आणि तुमचा पोर्तुगीज नाण्याचा अंदाज चुकीचा निघाला तरी प्रश्न चांगला आहे, कारण गोव्यात सोन्याची नाणी खरोखर पाडली जात. अफोन्सो द अल्बुकेर्क यांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर लगेच टांकसाळ घातली. सोळाव्या शतकातल्या काही सोन्याच्या नाण्यांवर संत थॉमस दिसतात. पुढच्या शतकांतल्या झेराफिन नावाच्या नाण्यांवर एका बाजूला पोर्तुगालचं राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला क्रूस, त्याच्या कोनांत सनाचे आकडे. पणजीला मुख्य पोस्टाजवळची ‘काझा द मोएदा’ ही टांकसाळीची इमारत आजही उभी आहे. १८३४ ते १८४१ तिथे नाणी पाडली गेली. एखाद्या रविवारी तिच्या समोर उभ्या राहा. नाणी जमवायला लागलेल्या माणसाने नाणं जिथे जन्मलं ती जागा पाहावी असं मला फार वाटतं. पुढे मुंबईला जाणं झालं तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय, आणि नाशिकला गेलात तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था, दोन्ही चुकवू नका.

मडगावहून एक वाचक विचारतात : घराचा पाया खणणारा एक कामगार माझ्याकडे आला होता. पाया खणताना मडकं सापडलं, त्यात गोव्याच्या कदंब राजांची सोन्याची नाणी आहेत, म्हणे. एक नाणं तपासायला दिलं, ते आमच्या सोनाराने खरं सोनं म्हटलं. उरलेली चाळीस बाजारभावाच्या निम्म्याने देतोय. घ्यावी का?

उत्तर : नको. दादा, तुम्ही पैसे दिले नसतील तर देवाचे आभार माना. पहिलं नाणं खरं असतं, म्हणूनच ते देतात. उरलेली पितळेची निघतात. हाच खेळ मी वेगवेगळ्या गावांत चार वेळा पाहिला आहे, फक्त मडक्याऐवजी कधी हंडा, कधी देवळाचा चौथरा. फसलेला माणूस लाजेने पोलिसांकडे जात नाही आणि तेच त्या लोकांना हवं असतं. तुम्ही जा.

आणि समजा सगळी खरी असती तरी ती अशी परस्पर विकायचा त्याला हक्क नव्हता आणि घ्यायचा तुम्हालाही नव्हता. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही कायद्याने पुरावस्तू ठरते. घरात बाळगायला हरकत नाही, पण ते परदेशी नेणं गुन्हा आहे, हे परदेशातल्या नातेवाइकांना नाणी भेट पाठवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

अस्सल कदंब नाणं कसं दिसतं ते सांगतो, पुढे उपयोगी पडेल. त्यावर सिंह असतो, कदंबांचं राजचिन्ह. आणि नागरी अक्षरांत श्री सप्तकोटीश्वराच्या वराचा उल्लेख असतो. हाच देव नार्व्याच्या देवळात आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. राजा आपल्या नाण्यावर आपल्या आधी देवाचं नाव घालतो आणि पाचशे वर्षांनी दुसरा राजा त्याच देवाचं देऊळ उभं करतो, हे नाणं हातात धरल्यावर अंगावर येतं. अशी नाणी कमी आहेत, संग्राहक त्यांच्यासाठी तळमळतात, आणि म्हणूनच त्यांची खोटीही निघतात. चाळीस एकदम सापडली तर ती बातमी वर्तमानपत्रात येईल, तुमच्या दारात नाही.

फोंड्याहून एक वाचक : पणजोबा मुंबईला बोटीवर नोकरीला होते. त्यांची एक गिनी घरात आहे, १९१८ सालची, घोड्यावरच्या माणसाची. आम्ही तिघं भावंडं. ही दुर्मीळ आहे का आणि वाटणी कशी करावी?

उत्तर : हे सॉव्हरिन, ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं. आपल्याकडे त्यालाच गिनी म्हणतात. घोड्यावर सेंट जॉर्ज, खाली अजगर, हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची यांनी १८१७ साली केलं. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, म्हणजे ७.३२ ग्रॅम शुद्ध. भिंग घ्या आणि सनाच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर, आकड्यांच्या बरोबर मध्यावर, रोमन ‘आय’ आहे का ते पाहा. असेल तर ती मुंबईत पाडलेली. मुंबईच्या टांकसाळीने सॉव्हरिन फक्त १९१८ या एकाच वर्षी पाडल्या. पण पाडल्या भरपूर, बारा लाखांच्यावर. त्यामुळे दुर्मीळ म्हणता येणार नाही, पण आपल्याकडे लोक तिच्यावर थोडं जास्त देतात. मुंबईची गोष्ट तिच्यात आहे ना. ‘आय’ नसेल तर तीही चालेल, फक्त मोल सोन्याच्या जवळच राहील.

वाटणीसाठी नाणं विकू नका. त्या दिवशीचा शुद्ध सोन्याचा भाव ७.३२ ने गुणा, ‘आय’ असेल तर थोडं वर धरा, तीन भाग करा. ज्याला पणजोबांची सर्वांत जास्त आठवण सांगितली गेली आहे त्याने गिनी ठेवावी आणि बाकी दोघांना त्यांचे दोन भाग रोख द्यावेत. पणजोबांचं नाव, बोटीचं नाव कळत असेल तर तेही, चिठ्ठीवर लिहून गिनीबरोबर ठेवा. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात ती चिकटतात. कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा.